भित्र्यांची नावे : इंग्रजी शब्दांचा इतिहास आणि नैतिक निवाड्याचा प्रश्न

१

नीतिकल्पनांच्या विकासावर भाषाशास्त्र, विशेषतः व्युत्पत्तिविचार, कोणता प्रकाश टाकू शकतो, हा प्रश्न नीत्शेने १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतीच्या वंशावळीवरील ग्रंथात, पहिल्या निबंधाला जोडलेल्या टिपेत उपस्थित केला होता. या विषयावर विद्यापीठांनी निबंधस्पर्धा योजाव्यात, अशी सूचनाही त्याने केली होती. त्याचे स्वतःचे उत्तर सुपरिचित आहे. 'वाईट' या अर्थाचा जर्मन शब्द मुळात 'साधा, सामान्य' या अर्थाचा होता. अभिजनांनी आपल्याहून खालच्या माणसांना दिलेले ते नाव होते. पुढे दुर्बलांनी या मूल्यव्यवस्थेविरुद्ध बंड केले, मूल्ये उलटी केली आणि आपल्या भयग्रस्त दीनतेलाच नम्रता म्हणून मिरवले, असे त्याचे म्हणणे.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न एका मर्यादित शब्दसमूहाला विचारायचा आहे. दुर्बल, भित्र्या, कच खाणाऱ्या माणसासाठी इंग्रजी भाषेने गेल्या सात-आठशे वर्षांत जे शब्द घडवले, त्यांचा इतिहास काय सांगतो? शब्दाचा मूळ अर्थ हाच त्याचा खरा अर्थ, असे मानणे हा व्युत्पत्तीच्या अभ्यासातील जुना तर्कदोष आहे, आणि तो येथे टाळला पाहिजे. परंतु एखाद्या समूहातील शब्द कालौघात कोणत्या दिशेने सरकले, हे पाहणे म्हणजे तो दोष करणे नव्हे. ती दिशा हा भाषिक समाजाच्या मनोवृत्तीचा पुरावा असतो. या पुराव्यावरून दोन प्रश्नांचा विचार करता येईल. भित्रेपणा हा दोष असेल तर तो कृतीचा दोष आहे की प्रकृतीचा? आणि भाषा या दोहोंतला भेद पुसू लागली तर नैतिक निवाड्याचे काय होते?

२

या समूहातील काही जुने शब्द न्यायसभेतून आलेले आहेत. 'क्रेव्हन' हा त्यांतील सर्वांत बोलका. आज त्याचा अर्थ 'निर्लज्ज भित्रा' असा होतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये द्वंद्वयुद्धाने न्याय करण्याची जी प्रथा होती, तिच्यात या शब्दाला कायदेशीर कार्य होते. ब्लॅकस्टनने इंग्लिश कायद्यावरील आपल्या भाष्यग्रंथात (१७६५–६९) त्याचे वर्णन केले आहे. जमिनीच्या दाव्यात पक्षकाराच्या वतीने रिंगणात उतरलेला लढवय्या हतबल झाला, की हा शब्द उच्चारून शरण जात असे. उच्चार होताच दावा संपे. शिवाय उच्चारणारा 'मुक्त आणि कायदेमान्य पुरुष' राहत नसे. त्याला पुढे पंच होता येत नसे की साक्ष देता येत नसे. ही प्रथा व्यवहारातून केव्हाच लुप्त झाली असली, तरी १८१८ च्या अ‍ॅशफर्ड विरुद्ध थॉर्नटन या खटल्यात आरोपीने तिचा आधार मागितला, न्यायालयाला तो नाकारता आला नाही, आणि म्हणून १८१९ मध्ये संसदेला ती रद्द करावी लागली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की 'क्रेव्हन' हा शब्द आधी हरणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडी होता. ती प्रथमपुरुषी उक्ती होती, आणि तिला काळ, स्थळ व साक्षीदार होते. 'रेक्रिअंट' हा दुसरा शब्दही याच रिंगणातला. त्याच्या मुळाशी 'विश्वास ठेवणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आपला पक्ष सोडून स्वतःला प्रतिपक्षाच्या स्वाधीन करणारा तो 'रेक्रिअंट'. दोन्ही शब्दांत अप्रतिष्ठा आहे, शिक्षाही कठोर आहे. परंतु ती एका घडलेल्या कृतीची शिक्षा आहे. पुढे रिंगण गेले, साक्षीदार गेले आणि शब्द उरले. प्रथमपुरुषी कबुली तृतीयपुरुषी शिवी झाली.

'कॉवर्ड' या मुख्य शब्दाचा मार्ग थोडा वेगळा आहे. 'शेपटी' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाला 'आर्ड' हा निंदाव्यंजक प्रत्यय लागून तो बनला. शेपूट पायांत घालणारा किंवा पाठ फिरवून शेपूट दाखवणारा प्राणी त्यामागे आहे. रेनार कोल्ह्याच्या फ्रेंच कथाचक्रात सशाचे नावच 'कुआर' आहे. शेपूट घालणे ही घटका-दोन घटकांची क्रिया. पण 'आर्ड' हा प्रत्यय क्रियेचे स्वभावात रूपांतर करतो. दारूड्या, आळशी यांच्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दांतही तो येतो. 'डॅस्टर्ड' हा शब्द आरंभी मंदबुद्धी माणसासाठी होता, भित्र्यासाठी नव्हे. प्रत्यय मात्र तोच. एकदा पळालेला आणि नेहमी पळणारा यांतील अंतर अशा शब्दांच्या घडणीतच मिटून जाते.

'केटिफ' या शब्दाचा इतिहास मात्र अस्वस्थ करणारा आहे. लॅटिनमधील 'कैदी' या अर्थाच्या शब्दापासून तो आला. 'कॅप्टिव्ह' हा त्याचाच सख्खा भाऊ. कैदी म्हणून दीन, दीन म्हणून तुच्छ, तुच्छ म्हणून नीच व भ्याड, अशा पायऱ्या उतरत तो शब्द खाली गेला. इटालियन भाषेत याच मुळातून आलेला शब्द आज सरळ 'वाईट' या अर्थाने वापरला जातो. सी. एस. लुईस यांनी शब्दाभ्यासावरील आपल्या १९६० च्या ग्रंथात सामाजिक दर्जा दाखवणारे शब्द कसे नीतिवाचक बनतात याची चिकित्सा केली आहे. 'केटिफ'मध्ये तीच प्रक्रिया दर्जावर न थांबता दुर्दैवावर चाललेली दिसते. पकडला गेलेला माणूस पकडला गेल्याबद्दलच दोषी ठरतो.

३

कृतीपासून प्रकृतीकडे होणारी ही वाटचाल आहारवाचक आणि स्त्रीवाचक शब्दांत पूर्ण होते. 'मिल्कसॉप' म्हणजे दुधात भिजवलेला पावाचा तुकडा, अर्थात लहान मुलाचे खाणे. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये खाणावळीचा यजमान सांगतो, की आपण कोणाशी भांडलो नाही तर आपली बायको आपल्याला याच नावाने हिणवते. या प्रसंगातला नवरा कोणत्याही कर्तव्यापासून पळालेला नाही; शेजाऱ्याशी मारामारी केली नाही, एवढाच त्याचा अपराध. पुढे १९२४ मध्ये अमेरिकन व्यंगचित्रकार एच. टी. वेब्स्टर यांनी 'भित्रा जीव' अशा अर्थाच्या शीर्षकाची चित्रमालिका सुरू केली. तिच्या नायकाचे आडनाव 'मिल्कटोस्ट'. आजाऱ्याला देतात त्या दुधात भिजवलेल्या पावावरूनच ते घेतले होते, आणि पाहता पाहता ते सामान्यनाम झाले. सुमारे साडेपाचशे वर्षांच्या अंतराने, महासागराच्या दोन्ही तीरांवर, भाषेने भित्र्याच्या पुढ्यात तेच ताट ठेवले.

'सिसी' हा शब्द 'सिस्टर'वरून, म्हणजे बहिणीवरून आला. 'मॉलिकॉडल'मधील 'मॉली' हे मेरीचे लाडके रूप. अठराव्या शतकातील लंडनमध्ये समलिंगी पुरुषांना तेच नाव दिले जाई. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०७ मध्ये हार्वर्ड येथील भाषणात विद्यापीठातून मर्द पुरुषांऐवजी असे 'मॉलिकॉडल' बाहेर पडू नयेत, अशी इच्छा व्यक्त केली होती. मराठी वाचकाला हे सारे अपरिचित वाटू नये. शेळपट, बायल्या, भागूबाई हे आपले शब्द त्याच दोन खाणींतून, पशूंच्या आणि स्त्रियांच्या, काढलेले आहेत. अशा शब्दांत एकाच वेळी दोघांचा अपमान होतो : ज्याला ते लावले जातात त्याचा, आणि जिच्यावरून ते घेतले तिचा. शिवाय पुरुषाची स्त्रीशी तुलना हीच जर भित्रेपणाची व्याख्या असेल, तर स्त्रीच्या धैर्याला आणि तिच्या भ्याडपणालाही भाषेत जागाच उरत नाही. तिला या नैतिक प्रदेशात प्रवेश नाही. ती फक्त त्याची सीमारेषा आहे.

'पोल्ट्रून' या शब्दाने विद्वानांची जी फसगत केली, तीही उद्बोधक आहे. इटालियनमधून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द बहुधा 'बिछाना' किंवा 'शिंगरू' या अर्थाच्या मुळाशी जोडलेला आहे. जुन्या पंडितांनी मात्र तो 'अंगठा छाटलेला' या अर्थाच्या लॅटिन शब्दसंहतीपासून व्युत्पादिला होता. सैन्यभरती चुकवण्यासाठी अंगठा कापून घेणारे लोक रोमन साम्राज्यात होते, आणि इटलीत त्यांना एक स्वतंत्र निंदाव्यंजक नाव होते, अशी नोंद चौथ्या शतकातील इतिहासकार अम्मिआनुस मार्सेलिनुस याने केली आहे. व्युत्पत्ती चुकीची, पण तिच्यामागील ओढ समजण्यासारखी आहे. निंदेच्या शब्दाला एखादी कृती चिकटलेली असावी, असे पंडितांना वाटत होते. मात्र त्यांनी शोधलेल्या कृतीने प्रश्न अधिकच बिकट केला. स्वतःच्या हाताने स्वतःचा अंगठा तोडणाऱ्याला कोणत्या अर्थाने भित्रा म्हणायचे?

४

आता नीत्शेच्या सिद्धांताकडे वळता येईल. दुर्बलांचे बंड खरोखर यशस्वी झाले असेल, तर दीर्घकाळ ख्रिस्ती राहिलेल्या समाजाच्या भाषेत दुर्बलांची नावे वर चढलेली दिसायला हवीत. प्रत्यक्षात उलट दिसते. 'सिली' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'सुखी, धन्य' या अर्थाचा होता. त्याचा जर्मन सगोत्र आजही 'धन्य' हाच अर्थ बाळगून आहे. इंग्रजीत मात्र तो धन्यापासून निष्पाप, निष्पापापासून दयनीय, दयनीयापासून दुबळा आणि शेवटी मूर्ख असा घसरत गेला. 'मीक' हा 'मृदू' या अर्थाचा नॉर्स शब्द. टिंडेलने १५२६ च्या नव्या करारात आणि राजा जेम्सच्या भाषांतरकारांनी १६११ मध्ये तो गिरिप्रवचनातील धन्यतेच्या वचनात वापरला. ज्या ग्रीक शब्दासाठी तो योजला, त्याच कुळातील नाम अ‍ॅरिस्टॉटलने रागाच्या संदर्भातील सुवर्णमध्यासाठी वापरले होते : योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य तेवढेच रागावणारा माणूस त्याला अभिप्रेत होता. एवढे धर्मग्रंथाचे आणि तत्त्वज्ञानाचे पाठबळ असूनही आज इंग्रजीत कोणाला 'मीक' म्हटले, तर बहुधा त्याची कीव केलेली असते.

अर्थात यावरून नीत्शे सर्वस्वी खोटा ठरतो असे नाही. तो प्रवचनांच्या आणि नीतिग्रंथांच्या भाषेविषयी बोलत होता. परंतु व्यासपीठावरून काय पूज्य मानले गेले आणि बाजारात कशाला हसले गेले, यांत अंतर असते. बोलभाषा त्या बंडात कधी पूर्णपणे सामील झालीच नाही. किंबहुना, नम्रतेची स्तुती करणाऱ्या समाजाने नम्र माणसासाठी हळूहळू एक उपहासाचा कोश तयार केला, असे म्हणता येईल.

याच परंपरेत एक वेगळा शब्दही आहे. 'प्युसिलॅनिमस', म्हणजे ज्याचे चित्त क्षुद्र आहे असा. चर्चच्या लॅटिनमधून आलेला हा शब्द अ‍ॅरिस्टॉटलने वर्णिलेल्या 'क्षुद्रचित्तते'च्या चर्चेशी जोडला गेला. थॉमस अक्वायनस याने ते पाप मानले. पण त्याचे उदाहरण रणांगणावरचे नाही. धन्याने विश्वासाने सोपवलेले द्रव्य भीतीने जमिनीत पुरून ठेवणाऱ्या बायबलमधील चाकराचे ते आहे. आपल्या ठायी जेवढे सामर्थ्य आहे तेवढेही न वापरणे, हा त्याचा दोष. येथे मोजमाप दुसऱ्याच्या पौरुषाशी नाही. माणसाच्या स्वतःच्या शक्तीशी आहे. दुबळ्याला दुबळा म्हणून हिणवण्याची सोय या संकल्पनेत नाही.

५

या शब्दांचा निवाडा कोशात होत नाही. तो माणसांवर होतो. ऑगस्ट १९१४ मध्ये निवृत्त नौदल अधिकारी चार्ल्स पेनरोज फिट्झजेराल्ड यांनी फोकस्टन येथे एक मोहीम सुरू केली. साध्या वेषात दिसणाऱ्या तरुणांच्या हाती स्त्रियांनी पांढरे पीस द्यायचे. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीतील पांढरे पीस हे हिणकस रक्ताचे लक्षण, या समजुतीवरून ते चिन्ह आले होते. शब्दाची जागा पिसाने घेतल्यावर उत्तर देण्याचीही सोय उरली नाही. 'तू काय केलेस?' असा प्रश्नच तेथे नव्हता.

त्या महायुद्धात ब्रिटिश व साम्राज्याच्या सैन्यातील जे सैनिक पलायन, भ्याडपणा इत्यादी लष्करी गुन्ह्यांसाठी गोळ्या घालून मारले गेले, त्यांतील ३०६ जणांना २००६ च्या कायद्याने क्षमा देण्यात आली. त्यांपैकी हॅरी फार हा सैनिक ऑक्टोबर १९१६ मध्ये भ्याडपणाच्या आरोपाखाली मारला गेला. तोफगोळ्यांच्या आघाताने येणाऱ्या मनोविकारावर आधी त्याच्यावर रुग्णालयात उपचार झाले होते. या विकाराला 'शेल शॉक' हे नाव वैद्यकीय नियतकालिकात १९१५ मध्येच आले होते. म्हणजे एकाच थरथरणाऱ्या हातासाठी एकाच वेळी दोन नावे उपलब्ध होती. एक रुग्णालयाकडे नेणारे, दुसरे भिंतीकडे. २००६ च्या कायद्याने क्षमा दिली, परंतु दोषसिद्धी आणि शिक्षा यांवर तिचा परिणाम होणार नाही, असेही त्यातच नमूद केले. माणसाला क्षमा मिळाली, शब्द कागदोपत्री कायम राहिला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने उड्डाणास कचरणाऱ्यांसाठी 'नैतिक तंतूचा अभाव' असा शेरा योजला. त्यातील 'नैतिक' हे विशेषण आणि 'तंतू' हे शारीरिक रूपक एकत्र आले, ही आपल्या विषयाच्या दृष्टीने केवळ योगायोगाची गोष्ट नाही.

हा कोश वसाहतीतही आला. मेकॉलेने वॉरन हेस्टिंग्जवरील १८४१ च्या निबंधात बंगाली माणसाचे जे स्त्रैण चित्र रंगवले, त्याचे राजकारण मृणालिनी सिन्हा यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात उलगडले आहे. महाराष्ट्रात त्याचे फळ अधिक ठोस होते. 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताच्या प्रभावाखाली १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती थांबवण्यात आली. ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली होती, त्यांनाच प्रकृतीने न लढणारे ठरवण्यात आले. गोपाळबाबा वलंगकरांचा १८९४ चा अर्ज आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी कोरेगावच्या स्तंभाला दिलेली भेट या दोहोंत या वर्गीकरणाला उत्तर होते, आणि ते उत्तर कृतींच्या इतिहासाचे होते. प्रकृतीच्या आरोपाला दुसऱ्या प्रकृतीचा दावा करून नव्हे, तर 'आम्ही काय केले ते पाहा' असे म्हणूनच छेद देता येतो.

सत्ताधीशही या कोशातून सुटत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात विमान पाडले जाऊनही बचावलेले जॉर्ज बुश (थोरले) १९८७ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार झाले, तेव्हा 'न्यूजवीक' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्यांच्या नावाशी 'विम्प' हा शब्द जोडला. घडलेली कृती समोर असतानाही वागण्या-बोलण्याच्या ढंगावरून माणूस पुळचट ठरवता येतो, हे त्यातून दिसले.

६

साहित्यसमीक्षेला या कोशाचे सोयरसुतक नाही, असे मानण्याचे कारण नाही. 'नॅम्बी-पॅम्बी' हा शब्द तर समीक्षेनेच जन्माला घातला. अँब्रोज फिलिप्स (१६७४–१७४९) या कवीने उमरावांच्या लहान मुलांना उद्देशून आखूड ओळींची, लाडिक वळणाची पद्ये लिहिली. हेन्री केरीने १७२५ मध्ये त्यांचे विडंबन केले आणि कवीच्या नावाशी बोबडा खेळ करून हा शब्द बनवला. गोपगीतांच्या वादापासून फिलिप्सशी वैर असलेल्या पोपने तो उचलला. त्या पद्यांत काव्यगुण किती, हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु मुलांशी मृदूपणे बोलणे हेच जणू कवीचे व्यंग ठरले आणि एका माणसाचे नाव भाषेत कायमचे अपशब्द होऊन बसले.

समीक्षेची परिभाषा आजही या प्रभावातून मुक्त नाही. हॅरल्ड ब्लूम यांच्या १९७३ च्या सिद्धांतात 'बलवान कवी' पूर्वसूरींशी झुंजतो आणि दुबळे कवी त्यांचे आदर्शीकरण करतात. आपणही एखाद्या कवितेला 'हळवी', 'मुळमुळीत' म्हणतो, गद्याला 'रांगडे', 'कणखर' म्हणतो. प्रत्येक वेळी हे शब्द अयोग्य असतात असे नाही. प्रश्न एवढाच, की त्यांच्या पाठीशी संहितेतील काही दाखवता येते का. हळवेपणा म्हणजे प्रसंगाच्या मानाने भावनेचा अतिरेक, असे म्हटले तर प्रसंग आणि भावना दोन्ही तपासता येतात. नुसता 'हळवी' हा शिक्का मारला, तर समीक्षकाने स्वतःच्या मर्दपणाची ग्वाही दिली, यापलीकडे काही घडत नाही.

७

येथे एक आक्षेप संभवतो. मग भ्याडपणा नावाचा दोषच नाही काय? सहकाऱ्यावर अन्याय होत असताना गप्प बसणारा, स्वतः केलेल्या चुकीचे खापर हाताखालच्यावर फोडणारा, आपत्तीत सोपवलेल्या माणसांना टाकून पळणारा, यांना नाव द्यायचे नाही काय? द्यावेच लागेल. या दोषाला नाव नसलेला समाज त्याला जाबही विचारू शकणार नाही. म्हणून हे शब्द कोशातून हद्दपार करावेत, असे सुचवायचे नाही. शब्द शब्दांत फरक करावा, एवढेच म्हणायचे आहे.

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते भित्रा तो, जो भिऊ नये त्याला, भिऊ नये तसा आणि भिऊ नये तेव्हा भितो. या व्याख्येत भीती हा दोष नाही. भीतीचा विषय, रीत आणि वेळ चुकणे हा दोष आहे. तिला अक्वायनसची कसोटी जोडली, तर तीन प्रश्न हाती येतात : भय कशाचे होते, कर्तव्य कोणते होते, आणि त्या माणसाच्या हाती काय होते? ज्या निंदेला या तीन प्रश्नांची उत्तरे देता येतात, ती नैतिक निवाडा होय. जिला ती देता येत नाहीत, तो केवळ तिरस्कार. निवाड्याला प्रतिवाद करता येतो, अपील करता येते. तिरस्काराला ती सोय नसते. 'क्रेव्हन'ची मूळ शिक्षा क्रूर असली, तरी ती निवाड्याच्या कक्षेत होती. 'मिल्कसॉप', 'सिसी', 'विम्प' त्या कक्षेबाहेरचे आहेत. आणि तरीही नैतिक शब्दांचा दाब ते पुरेपूर वापरतात. त्यांचा खरा अन्याय येथे आहे.

उलट दिशेचाही गोंधळ होतो. सप्टेंबर २००१ मधील न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्षांनी हल्लेखोरांना भ्याड म्हटले. सूझन सोन्टॅग यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिले, की धैर्य हा नीतीच्या दृष्टीने तटस्थ गुण आहे आणि त्या मारेकऱ्यांना आणखी काहीही म्हणता येईल, भ्याड म्हणता येणार नाही. त्यावर मोठे वादळ उठले. 'भ्याड हल्ला' हा प्रयोग आपल्या वृत्तपत्रांतही रूढ आहे. क्रौर्याला क्रौर्य म्हणणे पुरेसे नाही, असे आपल्याला वाटते. त्याला भित्रेपणाही चिकटवल्याशिवाय निंदा पूर्ण झाली असे वाटत नाही. याचा अर्थ असा, की आपल्या मनाच्या तळाशी क्रूर असण्यापेक्षा भित्रे असणे अधिक लाजिरवाणे आहे. नैतिक मूल्यांचा हा क्रम गंभीरपणे तपासला पाहिजे. भित्र्याने क्वचित कोणाचे प्राण वाचवले नसतील; पण भित्रा ठरण्याच्या लाजेने कितीजणांना प्राण घ्यायला लावले, याचा हिशेब अधिक मोठा असावा.

या समूहात एकच शब्द असा आहे, जो हेटाळणीतून निघून सन्मानाला पोचला. १६५० मध्ये डर्बी येथील एका न्यायाधीशाने जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या अनुयायांना 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, असे हिणवले; कारण ईश्वराच्या वचनापुढे थरथर कापा, असे फॉक्सने त्यालाच सांगितले होते. त्या पंथीयांनी तुरुंगवास सोसला आणि शस्त्र धरण्यास नकार दिला. त्यांच्या सेवासंस्थांना १९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. शब्दाचा अर्थ बदलला तो कोशकारांनी नव्हे, तर त्या माणसांनी केलेल्या कृतींनी. ते थरथरले होते हे खरेच; फक्त कोणापुढे थरथरायचे आणि कोणापुढे नाही, हे त्यांनी स्वतः ठरवले होते. भीतीविषयीचा नैतिक विचार याच ठिकाणी सुरू होतो, आणि आपल्या बहुतेक शिव्या या ठिकाणाच्या पुष्कळ अलीकडेच थांबतात.